विंडोज ११ शेजारी उबुंटू २४.०४ टाकायचंय: सी ड्राइव्ह १८ जीबीच्या पुढे श्रिंक होत नाही, इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही

खटपट्या_७७

लॅपटॉप इंटेल १० व्या पिढीचा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एकच एनव्हीएमई एसएसडी. त्यावर कंपनीकडून आलेलं विंडोज ११ होम, लोकल अकाउंट. विंडोज काढून टाकणं शक्य नाही, कारण श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि टॅली (हिशेबाचं) दोन्ही त्यावरच चालतात. शेजारी उबुंटू २४.०४ (लिनक्स) हवंय, पायथन आणि डॉकरसाठी (प्रोग्रॅम आपापल्या वेगळ्या डब्यांत चालवण्याचं साधन). तीन ठिकाणी गाडी अडली आहे:

१. सी ड्राइव्हमध्ये २९० जीबी मोकळे आहेत, तरी डिस्क मॅनेजमेंटमध्ये श्रिंक व्हॉल्यूम (ड्राइव्ह लहान करून जागा काढणं) केलं की जास्तीत जास्त १८ जीबी मिळतील असं सांगतो.

२. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) कधीही चालू केलेलं नाही, पण सी ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप आणि पिवळा त्रिकोण दिसतो.

३. पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू होतं, पण इन्स्टॉलर 'आरएसटी बंद करा' (आरएसटी म्हणजे इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय) म्हणून थांबतो, डिस्क दाखवतच नाही. बायोसमध्ये साटा मोड (मशीनने डिस्कशी कसं बोलायचं ती पद्धत) बदलून एएचसीआय केला तर विंडोज निळा पडदा दाखवतं: इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. परत जुन्या मोडवर आणलं की विंडोज चालू.

यातलं आधी काय करायचं? डेटाचा बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन झाला आहे.

---

टर्मिनलवाली

बॅकअप आधीच घेतलात, म्हणजे निम्मी चिंता मिटली. तुमच्या तिन्ही अडचणी विंडोजच्या बाजूच्या आहेत, उबुंटूचा यात काही दोष नाही. क्रम मात्र चुकवू नका: आधी कुलूप, मग श्रिंक, मग साटा मोड, आणि सगळ्यात शेवटी पेनड्राइव्ह. बिटलॉकर उतरवण्याआधी बायोसमध्ये हात घातला तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि लोकल अकाउंटवर ती की कुठेच साठवलेली नसते.

(पुढच्या कमांड फोनवर सांगाव्यात तशा लिहिते आहे. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.)

कुलूप आणि पिवळा त्रिकोण म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे, पण संरक्षण अजून लागू झालेलं नाही. विंडोज ११ अनेक लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी एन्क्रिप्शन करून ठेवतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन होण्याची वाट बघत बसतं. तोवर किल्ली कुलपालाच लटकवलेली असते. विंडोजला यात काही अडचण नाही, पण उबुंटूच्या इन्स्टॉलरला ती बिटलॉकरची डिस्कच दिसते आणि तो पुढे जात नाही.

सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे बघा. बटण 'ऑफ' दिसलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'मॅनेज हायफन बीडीई', स्पेस, 'हायफन स्टेटस' द्या. 'कन्व्हर्जन स्टेटस' समोर 'यूज्ड स्पेस ओन्ली एन्क्रिप्टेड' आलं, तर 'मॅनेज हायफन बीडीई', स्पेस, 'हायफन ऑफ', स्पेस, 'सी कोलन' द्या. एसएसडी किती भरली आहे त्यावर वेळ लागेल. चार्जर लावून ठेवा, आणि 'फुली डिक्रिप्टेड' व 'पर्सेंटेज एन्क्रिप्टेड ०.०' दिसेपर्यंत दुसरं काही करू नका. दोनतीन टक्के उरलेले असताना कंटाळून रीस्टार्ट करणारे बरेच असतात. डेटा जात नाही, पण श्रिंक मात्र अडतं.

आता १८ जीबीचं कोडं. श्रिंक करताना विंडोज सी ड्राइव्हच्या शेवटाकडून मागे येत फाइली सरकवतं. वाटेत एक जरी न हलणारी फाइल आली की तिथेच थांबतं, मग तिच्या आधी कितीही जागा रिकामी असो. या हटवादी फाइली ठरलेल्या: हायबरनेशनची (मशीन झोपताना रॅमची प्रत), पेजिंगची (रॅम कमी पडली की वापरायची), सिस्टम रिस्टोअरच्या शॅडो कॉपी (जुन्या स्थितीच्या प्रती), आणि एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल सिस्टमची) स्वतःची मास्टर फाइल टेबल. नेमकी कोणती आडवी आली ते विंडोज सांगतं, फक्त कोणी बघत नाही. श्रिंकचा एक प्रयत्न करा, मग इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, अ‍ॅप्लिकेशन इथे २५९ क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यात 'लास्ट अनमूव्हेबल फाइल' म्हणून फाइलचं नाव असतं.

ते नाव बघून उपाय:

हायबरनेशन: 'पॉवरसीएफजी', स्पेस, 'स्लॅश एच', स्पेस, 'ऑफ'. रॅमच्या साधारण ४० टक्के आकाराची ती फाइल जाते, म्हणजे तुमच्याकडे सहाएक जीबी. याच कमांडने फास्ट स्टार्टअपही बंद होतं, ते तसंही करायचंच आहे (कारण खाली).

पेजिंग: 'सिसडीएम डॉट सीपीएल' चालवा, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, परत अ‍ॅडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी. 'नो पेजिंग फाइल', सेट, रीस्टार्ट. श्रिंक झाल्यावर ते परत 'सिस्टम मॅनेज्ड' वर आणायला विसरू नका. टॅली आणि ब्राउझर एकदम उघडल्यावर आठवण होईलच.

शॅडो कॉपी: त्याच खिडकीत सिस्टम प्रोटेक्शन टॅब, सी निवडून कॉन्फिगर, प्रोटेक्शन डिसेबल, आणि खालचं डिलीट.

एवढं करून रीस्टार्ट केल्यावर परत श्रिंक करा. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो: १५० जीबी हवे तर १५३६००. जी मोकळी जागा निघेल ती 'अनअ‍ॅलोकेटेड' म्हणून काळ्या पट्टीत दिसेल. तिला हात लावू नका, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' तर अजिबात नको.

फास्ट स्टार्टअप का बंद करायचं: ते चालू असताना 'शट डाउन' केलं की विंडोज खरं बंद होतच नाही. कर्नलची झोपलेली प्रत डिस्कवर ठेवतं आणि एनटीएफएस अर्धवट उघडं सोडतं. अशा ड्राइव्हवर उबुंटूमधून लिहिलं आणि नंतर विंडोज जागं झालं, तर त्याच्या डोक्यातला नकाशा जुनाच असतो. म्हणूनच उबुंटू असा ड्राइव्ह फक्त वाचायला देतं किंवा माउंटच करत नाही. आणि गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' मात्र पूर्ण बंद करूनच होतं. त्यामुळे 'काल चालत होतं, आज नाही' अशी कोडी पडतात.

---

कर्नलकाका

वरचं सगळं बरोबर. आरएसटीचं मी सांगतो.

त्या काळातल्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर साटा मोड 'आरएसटी प्रीमियम' किंवा 'रेड' असा लावून येतो. त्यात चिपसेट एनव्हीएमई डिस्कला आपल्यामागे लपवतो आणि इंटेलचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तरच ती दिसते. लिनक्सला ती वाट मिळत नाही. म्हणून एएचसीआय हाच मार्ग.

निळा पडदा का आला? विंडोज सुरू होताना फक्त गेल्या वेळी लागलेला डिस्क ड्रायव्हर लोड करतं. एएचसीआय आणि एनव्हीएमईचे ड्रायव्हर मशीनमध्ये असतात, पण झोपलेले. सेफ मोड त्यांना उठवतो. म्हणून:

'एमएसकॉन्फिग' उघडा, बूट टॅब, 'सेफ बूट' वर खूण, 'मिनिमल'. रीस्टार्ट करा, पण विंडोजमध्ये न जाता थेट बायोसमध्ये. मोड एएचसीआय करा, सेव्ह करा. आता विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल. परत एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन खूण काढा आणि रीस्टार्ट करा. झालं. विंडोज परत टाकायची गरज नाही, काही दुकानांत हेच सांगून पैसे घेतात.

एक खड्डा: सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असं बऱ्याचदा होतं, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. आधी एकदा विंडोजमधून साइन आउट करून पासवर्डने आत जाता येतंय ना ते बघा. पासवर्ड विसरलेला असेल आणि सेफ बूटची खूण लागलेली असेल, तर बाहेर पडणं फार त्रासाचं.

११ व्या पिढीपासून पुढच्या मशीनवर याच जागी 'व्हीएमडी' असतं. ते बहुतेक वेळा लिनक्सच्या नव्या कर्नलला दिसतं, त्यामुळे तिथे आधी इन्स्टॉलर चालवून बघावा, डिस्क दिसत असेल तर उगाच बदलू नये. तुमच्या १० व्या पिढीला बदलावंच लागेल.

---

खटपट्या_७७

दोघांचेही आभार. आताची स्थिती: डिक्रिप्शन पूर्ण, ०.०. नोंद २५९ मध्ये आधी पेजिंगची फाइल होती, ती काढल्यावर शॅडो कॉपी निघाली, तीही काढली. आता १६४ जीबी देतोय, त्यातले १५० घेतले. एमएसकॉन्फिगच्या वाटेने एएचसीआयही झालं, विंडोज व्यवस्थित चालू आहे, आणि इन्स्टॉलरला डिस्क दिसते.

आता दोन शंका. ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइली जिथे असतात ते) फक्त १०० एमबीचं आहे, ते पुरेल का, की नवं करू? आणि १५० जीबी कसे वाटू?

---

टर्मिनलवाली

१०० एमबी पुरतं. उबुंटू ईएफआयमध्ये शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम), ग्रब (कोणती सिस्टम उघडायची त्याचा मेनू दाखवणारा बूटलोडर) आणि एकदोन लहान फाइली ठेवतं, सगळं मिळून दहा एमबीच्या आत. कर्नल तिकडे जात नाही, तो रूटमधल्या (उबुंटूच्या मुख्य पार्टिशनमधल्या) बूट फोल्डरमध्ये राहतो. उद्या पॉप ओएस (दुसरं एक लिनक्स) टाकायचं ठरवलंत तर गोष्ट वेगळी: ते कर्नलही ईएफआयमध्येच ठेवतं आणि १०० एमबीत भागत नाही. त्याच डिस्कवर दुसरं ईएफआय करू नका. चालतं, पण कोणतं कोणाचं हे सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

इन्स्टॉलरमध्ये 'विंडोज बूट मॅनेजरच्या शेजारी' हा पर्याय आला तर तोही बरा आहे, पण मी 'मॅन्युअल' घेईन, कारण कुठे काय जातंय ते डोळ्यांसमोर राहतं. रिकामी जागा निवडून पहिलं पार्टिशन: १०० जीबी, एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टम), माउंट पॉइंट फक्त एक स्लॅश, म्हणजेच रूट. होमचं (तुमच्या स्वतःच्या फाइलींचं) वेगळं पार्टिशन नको. डॉकरच्या इमेज रूटमधल्या 'व्हार' फोल्डरमध्ये जातात, स्नॅपही (उबुंटूची अ‍ॅप पॅकेज) तिकडेच. रूटला ३० आणि होमला ७० दिलं की तीन महिन्यांत रूट भरतो आणि होममध्ये ५० जीबी रिकामे पडून राहतात. स्वॅपचं (उबुंटूच्या पेजिंगचं) पार्टिशनही नको, इन्स्टॉलर स्वॅप फाइल स्वतः करतो.

उरलेले ५० जीबी दोन्हीकडून वापरायच्या फाइलींसाठी ठेवा आणि नंतर विंडोजमधून एनटीएफएसने फॉरमॅट करा. एक्सफॅट सुचवणारे भेटतील. पण त्याला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, अचानक वीज गेली किंवा बॅटरी संपली तर फाइल अर्धवट लिहून राहते. मात्र पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट किंवा डॉकरचा डेटा एनटीएफएसवर ठेवू नका. परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) यांचा तिथे गोंधळ होतो.

सगळ्यात महत्त्वाची ओळ: यादीत जे फॅट३२ असलेलं १०० एमबीचं पार्टिशन दिसेल, त्याच्यापुढे फॉरमॅटची खूण नाही ना हे 'इन्स्टॉल' दाबण्याआधी पुन्हा बघा. तिथे खूण लागली तर विंडोजचा बूटलोडर पुसला जातो. माउंट पॉइंट बूट ईएफआय, फॉरमॅट नाही. आणि शेवटच्या पानावर बदलांची यादी येते, ती वाचा. त्यात एकच पार्टिशन 'नवं' आणि 'फॉरमॅट' असायला हवं.

---

एकच_खिडकी

मुळात हे सगळं हवंच आहे का, असा प्रश्न विचारतो. पायथन आणि डॉकरसाठी विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालतं, १६ जीबी रॅममध्ये आरामात. पार्टिशन नाही, ग्रब नाही, वेळेचा घोळ नाही.

आणि ड्युअल बूटच (एका मशीनवर दोन सिस्टम) करायचं असेल, तर लॅपटॉपमध्ये दुसरा एम२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) आहे का ते बघा. असेल तर वेगळी २५६ जीबीची एसएसडी लावा. पहिली डिस्क बायोसमधून बंद करून (तशी सोय नसेल तर स्क्रू काढून बाहेर काढून) उबुंटू टाका, मग परत जोडा. प्रत्येक डिस्कवर आपापलं ईएफआय, एक मेली तरी दुसरी चालू. सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीनुसार जे बटण असेल त्याने डिस्क निवडायची.

---

कर्नलकाका

दुसऱ्या एसएसडीबद्दल सहमत. स्लॉट असेल तर तेच उत्तम. पण पहिली डिस्क खरोखर बंद किंवा बाहेर असायला हवी, हे त्यातलं मर्म. दोन्ही जोडलेल्या असताना इन्स्टॉल केलं तर ग्रब पहिल्या डिस्कच्या ईएफआयमध्ये जाऊन बसू शकतो आणि वेगळ्या डिस्कचा फायदाच जातो. इन्स्टॉलरमध्ये खाली बूटलोडरची डिस्क निवडायची जागा असते, ती न बघता लोक पुढे जातात.

डब्ल्यूएसएलबद्दल मात्र अर्धवट सहमत. डॉकर चालतं, हे खरं. पण यूएसबी उपकरणं थेट हवी असतील, किंवा डॉकरला, ब्राउझरला आणि टॅलीला एकाच १६ जीबीतून भाग द्यायचा असेल, तर रॅम लवकर कमी पडते. काय काम आहे त्यावर ठरवा.

---

खटपट्या_७७

स्लॉट एकच आहे, म्हणून त्याच डिस्कवर केलं. इन्स्टॉल झालं. पण आता दोन गोष्टी: ग्रबच्या मेनूत विंडोज दिसत नाही, थेट उबुंटू उघडतं. आणि बायोसमधून विंडोज निवडून आत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे.

---

सह्याद्री_रूट

साडेपाच तास हा आकडाच उत्तर सांगतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात उबुंटू जागतिक वेळ लिहितं, विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचतं. दुपारी अडीचला उबुंटू बंद केलं तर घड्याळात ९ असतात, आणि विंडोज म्हणतं सकाळचे ९. टॅलीत व्हाउचरच्या तारखा टाकण्याआधी हे दुरुस्त कराच, पहाटे काम केलंत तर तारीखसुद्धा आदल्या दिवसाची लागेल.

दोन उपाय, दोन्हीपैकी एकच करायचा. सोपा: उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल', स्पेस, 'सेट हायफन लोकल हायफन आरटीसी', स्पेस, १. म्हणजे उबुंटूही स्थानिक वेळ पाळेल. ते एक इशारा छापतं, घाबरू नका. भारतात घड्याळ वर्षातून दोनदा मागेपुढे होत नाही, त्यामुळे इथे काही बिघडत नाही. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहून हा धागा वाचणाऱ्यांनी मात्र दुसरा उपाय करावा: विंडोजच्या रजिस्ट्रीत, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइम झोन इन्फर्मेशन या जागी 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' नावाचा (मध्ये जागा न सोडता) डीवर्ड बनवून किंमत १. नाहीतर मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही सिस्टम आपापल्या परीने एक तास सरकवतील.

ग्रबमध्ये विंडोज न दिसण्याचं कारण 'ओएस-प्रोबर'. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टम शोधणं मुळातच बंद ठेवलेलं असतं, सुरक्षेच्या कारणाने. 'ईटीसी' मधल्या 'डिफॉल्ट' मधली 'ग्रब' नावाची फाइल सुडो लावून (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) उघडा. त्यात 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' (मोठी अक्षरं, मध्ये अंडरस्कोर) ही ओळ हॅशच्या (#) चिन्हाने बंद केलेली असेल. चिन्ह काढा, किंमत 'फॉल्स' ठेवा. मग 'सुडो अपडेट-ग्रब'. उत्तरात 'विंडोज बूट मॅनेजर' सापडल्याची ओळ दिसली पाहिजे. त्याच फाइलमध्ये 'टाइमआउट स्टाइल' समोर 'हिडन' असेल तर 'मेनू' करा, नाहीतर यादी तयार होऊनही दिसणार नाही.

मराठीचं तुम्ही विचारलं नाही, पण श्रीलिपी वापरता म्हणून सांगतो. उबुंटूत 'आयबस-एम१७एन' पॅकेज टाकून एकदा लॉगआउट करा. मग सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस मध्ये इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि गमभनसुद्धा मिळतं. पण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली तिकडे उघडल्यात तर अक्षरांची खिचडी दिसेल, कारण तो मजकूर युनिकोड नसतोच. ५० जीबीच्या सामायिक ड्राइव्हवर जे ठेवाल ते विंडोजमध्येच युनिकोडला बदलून ठेवा.

---

टर्मिनलवाली

पुढे कधीतरी लागेल असं थोडं लिहून ठेवते.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा बायोस अपडेटनंतर ग्रब गायब होऊन थेट विंडोज उघडेल. उबुंटू पुसलेलं नसतं, फक्त बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये 'उबुंटू' वर आणा. काही कंपन्यांचे बायोस हट्टाने विंडोजच वर ठेवतात, तिथे बूट मेनूच्या बटणाची सवय करणं हाच उपाय.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी सोय) बंद करायची गरज नाही, उबुंटूचा शिम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. इन्स्टॉल करताना बाहेरचे ड्रायव्हर घेतलेत तर एक पासवर्ड विचारतो आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' (या ड्रायव्हरांची सही मान्य करा) येतं. तो पडदा थोडाच वेळ थांबतो. चुकला तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोड होत नाही आणि लोक उबुंटूला शिव्या घालतात.

ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने शिम नाकारले आणि अनेक ड्युअल बूट मशीनवर 'एसबीएटी' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊन मशीन बंद होऊ लागली. असं दिसलं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबुंटूत जाऊन 'सुडो एमओकेयूटिल', स्पेस, दोन हायफन 'सेट हायफन एसबीएटी हायफन पॉलिसी', स्पेस, 'डिलीट' द्या. एकदा रीस्टार्ट करून परत उबुंटूत या, सगळे अपडेट घ्या, मग सिक्युअर बूट चालू करा.

बिटलॉकर परत चालू करायचं असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, आणि नंतर विंडोज ग्रबमधून नाही, लॅपटॉपच्या बूट मेनूतून उघडा. ग्रबच्या वाटेने गेलं की टीपीएमला (किल्ली सांभाळणाऱ्या चिपला) सुरुवातीची साखळी वेगळी दिसते आणि की मागितली जाते.

आणि कधी उबुंटू काढायचं झालं तर आधी पार्टिशन उडवू नका. तसं केलं की ईएफआयमधला ग्रब शिल्लक राहतो, त्याला आपलं घर सापडत नाही, आणि काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' आणि एक बाण. तिथे 'एक्झिट' टाइप करून एंटर दाबलं की बहुतेक मशीन पुढच्या नोंदीवर, म्हणजे विंडोजवर जातात. नीट क्रम असा: बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला. मग डिस्क मॅनेजमेंटमधून १०० जीबीचं पार्टिशन डिलीट. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'माउंटव्होल', स्पेस, 'एस कोलन', स्पेस, 'स्लॅश एस' देऊन ईएफआयला एस अक्षर द्या आणि त्यातल्या ईएफआय फोल्डरमधलं फक्त 'उबुंटू' हे फोल्डर काढा. मायक्रोसॉफ्ट आणि बूट या फोल्डरांना धक्का नको. रूट सीच्या अगदी शेजारी असल्यामुळे 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' ने जागा परत मिळेल.

---

खटपट्या_७७

ग्रबमध्ये विंडोज आलं, घड्याळही जुळलं. गमभन पण चालू झालं. पेजिंग फाइल परत 'सिस्टम मॅनेज्ड' करायची राहिली होती, आत्ता केली.